बोळा

कॉलेजतर्फे परदेशातल्या दंतशिबिरात जायचं माझं हे दुसरं वर्ष. खुर्चीतल्या आजींनी तोंड उघडलं आणि दोन मास्क लावूनही मी तोंड फिरवलं. उंदीर मरून पडल्यासारखा भपकारा.

"जन्मात दात घासायचे नाहीत, आणि आपण समुद्र ओलांडून यायचं ही गटारं उपसायला!" मी तिथल्या नर्सबाईंना म्हणालो. आपली भाषा त्यांना येत होती, आजींना येत नव्हती, तेवढंच बरं.

पूर्वी कधीतरी काढलेल्या दाढेच्या जागेतून मी चिमट्याने एक काळा, बुळबुळीत बोळा ओढला. "शी! हे काय कोंबलंय?"

आजी घाबऱ्याघुबऱ्या काहीतरी सांगू लागल्या.

"गेल्या वर्षी दाढ काढल्यावर डॉक्टर म्हणाले होते, हा कापसाचा बोळा दाबून धरा, मी सांगेपर्यंत काढू नका," नर्सबाईंनी अर्थ सांगितला. "मग शिबिराची बस आली नि ते गेले. तेव्हापासून आजी फक्त जेवताना काढतात, धुऊन परत ठेवतात."

"कोण गाढव होता तो?"

तेवढ्यात आजींनी माझे मास्क खाली ओढले, चेहरा निरखला आणि हात जोडून काहीतरी म्हणाल्या.

"म्हणतायत," नर्सबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आलात एकदाचे! आता नको ना ठेवायला?"