शाईने लिहिलेली ओळ

“ही मुलगी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर सापडली,” आनेलीसने वाचलं, आणि खोलीतले नऊजण खुर्च्या सरकवून उभे राहिले.

तिला वाटलं, आपली चेष्टा चालली आहे.

“चेष्टा नाही,” डारेल म्हणाला. तो मिनेसोटात वाढलेला, पण जन्मदेशी, कोरियात, सोलला परत येऊन सतरा वर्षं झालेली. शेवयांच्या दुकानावरची ही खोली दर शनिवारी दुपारी तोच उघडायचा. “इथली रीत आहे. नवं माणूस आपला दत्तकाचा कागद वाचतं. ज्याच्या कागदात तेच वाक्य असेल, तो उभा राहतो. वाच पुढे.”

“अंगावर पिवळं दुपटं होतं.” टेकू पाहणारे पुन्हा उठले.

“शांत आहे. खाण्याची कटकट नाही.” आता अकरा.

“कटकट नाही म्हणे,” बेल्जियमची वेर्ले म्हणाली. “सात वर्षांची होईपर्यंत भाताशिवाय कशाला तोंड लावलं नाही मी. आई रडायची.”

दोघंतिघं हसले. आनेलीस हसली नाही. डेन्मार्कमध्ये तिची आई दर वाढदिवसाला हा कागद मोठ्याने वाचायची. लहानपणी तिने त्या पायऱ्यांची चित्रं काढली होती. परवा तर ती त्या पायऱ्यांवर जाऊन तासभर रडून आली होती. इतक्या जणांना तिथेच सोडलं असेल, तर त्या दिवसांत पायऱ्यांवर रांगच लागत असणार.

“काल दत्तक देणाऱ्या संस्थेत गेले होते,” ती म्हणाली. आवाज तिला नको तेवढा चढला. “तिथल्या बाईंनी दोन्ही हातांनी चहा पुढे केला. म्हणाल्या, मूळ नोंदी पुरात गेल्या.”

“माझ्या आगीत.”

“माझ्या वाळवीने खाल्ल्या.”

“गोदाम एकच,” डारेल म्हणाला. “वर्षही एकच. बायबलातल्या देवाने इजिप्तवर एकामागून एक दहा संकटं धाडली, पण त्यानेसुद्धा मधे थोडी सवड दिली होती.”

आनेलीसने छापील मजकुरातलं शेवटचं वाक्य वाचलं. “या मुलीला जगात कुणीही नाही.”

सगळेच उठले. एक खुर्ची मागे पडली. ती कुणी उचलली नाही.

तिने कागदाची घडी घातली. “झालं.”

“खाली शाईने काहीतरी लिहिलंय. इथून दिसतंय.”

“ते माझं आहे.”

“पायऱ्याही तुझ्याच होत्या,” डारेल म्हणाला.

त्याच्या एक ठेवून द्यावी, असं तिला वाटलं. छापलेलं सगळं खोटं निघालं, निघू दे. पण ही ओळ कुणीतरी हाताने लिहिली होती. कुणीतरी आपल्याकडे एकदा तरी नीट पाहिलं होतं, याचा तिच्याजवळ तेवढाच पुरावा होता. आई गेली, नवरा गेला, ही ओळ राहिली. शेहेचाळीस वर्षं ती या ओळीवर उभी होती.

“यावर कुणी उठलं,” ती म्हणाली, “तर मी हा कागद इथेच फाडीन आणि सोमवारच्या विमानाने जाईन. पुन्हा तोंड दाखवणार नाही.”

“फाड की,” वेर्ले म्हणाली. “पण वाचून फाड, ओन्नी.”

ओन्नी म्हणजे ताई. कागदावरच्या तारखेने वेर्ले तिच्याहून दोन महिन्यांनी धाकटी होती. ती तारीखही कुण्या कारकुनाने ठोकून दिलेली.

आनेलीसने घडी उलगडली. “झोपताना शेजारच्या मुलीचा डावा कान घट्ट धरते. सोडवला तर घर डोक्यावर घेते.”

कुणी उठलं नाही.

खालच्या दुकानात कुणीतरी लसूण ठेचत होतं, तेवढाच आवाज. तिने एकेका खुर्चीकडे पाहिलं. सगळे बसलेले होते. ओळ तिची होती. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

वेर्ले अर्धवट उठली, बसली, पुन्हा उठली.

“काय ते एक कर,” आनेलीस म्हणाली.

“मला कळत नाहीये, उठायचं का ते. माझ्या कागदात ते वाक्य नाही.” वेर्लेने पिशवीतून आपला कागद काढला. “माझ्याही कागदाच्या तळाशी शाईने एक ओळ आहे. इथे आले त्या पहिल्या शनिवारी मी वाचली होती, तेव्हाही कुणी उठलं नव्हतं.”

“वाच,” डारेल म्हणाला.

“शेजारची मुलगी रात्रभर हिचा कान ओढते. ही ओढू देते.”

डारेलने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. शाई निळी. अक्षर एकाच हाताचं, डावीकडे कललेलं. वर छापलेल्या तारखा एकाच आठवड्यातल्या: एकीचं विमान मंगळवारी ब्रुसेल्सला, दुसरीचं गुरुवारी कोपनहेगनला. बहिणी होत्या, की एका गादीवर निजवलेल्या दोन परक्या पोरी, हे सांगणारा कागद पुरात तरी गेला होता, नाहीतर आगीत.

“एक मंगळवारी आणि एक गुरुवारी,” आनेलीस म्हणाली. “मधला बुधवार मी कुणाचा कान धरून झोपले?”

वेर्लेचा हात नकळत स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

“छापलेलं शेवटचं वाक्य,” डारेल म्हणाला, “पुन्हा वाच.”

आनेलीसने कागद उचलला. या वेळी तिने वाचलं नाही, ते तिने संस्थेच्या तोंडावर फेकल्यासारखं म्हटलं.

“या मुलीला जगात कुणीही नाही.”

सगळे उठले. वेर्ले बसून राहिली.