डोंगर की पाणी

मनू पहिली पायरी चढली, तेव्हा लीलाबाई पोरांना साखर वाटत होत्या. दुसरी चढली, तेव्हा पोरं माना वळवून बघू लागली. तिसरीवर थांबून तिनं चिखलाचे पाय पुसले, डोक्यावरची पोत्याची खोळ काढून घडी केली आणि ओवरीत येऊन जोतीरामशेजारी मांडी घालून बसली. सहा वर्षांची पोर. पण बसली कशी, तर मामाच्या घरी पाटावर बसावं तशी.

उंब्रजच्या बाजूच्या त्या गावात शाळेला इमारत नव्हती. बिगरीचा वर्ग देवळाच्या ओवरीत भरायचा. मनू महारवाड्यातली. तिचा बाप ज्ञानू लढाई संपल्यावर पल्टणीतून परत आला, तो एकच हट्ट घेऊन. पोरगी शाळेत जाणार. कायदा त्याच्या बाजूनं होता, पण देऊळ गावाच्या बाजूनं होतं. मग शाळा कमिटीच्या लालासाहेबांनी निवाडा केला, "शिकू द्या की, कोन न्हाई म्हनतंय? पर खाली अंगणात. पायरी चढायची न्हाई."

लीलाबाई साताऱ्याहून नव्यानं आलेल्या. भल्या बाई. पहिल्याच दिवशी मनू पायरीपाशी घुटमळली आणि म्हणाली, "बाई, मी कवा यिऊ वर?" बाईंना खरं सांगवेना. अंगणात पोरं डोंगर-पाणी खेळत होती. ज्याच्यावर राज्य, तो खाली पाण्यात. बाकीचे उड्या मारून डोंगरावर. पाण्यातल्यानं डोंगर चढायचा नाही. बाईंना एकदम सुचलं. त्या हसून म्हणाल्या, "ही ओवरी म्हणजे डोंगर. अंगण म्हणजे पाणी. खेळच आहे हा, मनू." मनूही हसली आणि खाली बसली. साप मेला, काठीही मोडली नाही, म्हणून बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

पुढं त्यांनी हातून होईल ते सगळं केलं. मनूला ऐकू जावं म्हणून त्या ओवरीच्या अगदी कडेला बसून शिकवू लागल्या. उन्हाळ्यात सगळा वर्ग खाली उतरवून धुळीत बोटानं अक्षरं गिरवून घेतली. मनू तेवढी चार हात लांब. चिंचोके मोजायचे असले की तिचे दहा वरून टाकायचे. ती दहाच्या दहा झेलायची. पाऊस लागला, तशी ती खोळ घेऊन पागोळ्यांखाली बसू लागली. सुट्टीत ती जवळ आली की पोरं ओरडत वर पळायची. ती मागं धावायची, पायरीशी थांबायची आणि खदाखदा हसायची. बाई मनात म्हणायच्या, खेळात तरी घेतात तिला. मनाची समजूत घालायला माणसाला फार काही लागत नाही.

आणि आज पंधरा ऑगस्ट. सकाळी देवळापुढं झेंडा लागला. लालासाहेबांनी घरची साखर पाठवली. बिगरीच्या पोरांना स्वातंत्र्य म्हणजे काय, ते सांगणार तरी कसं? बाईंनी सोपं करून सांगितलं, "पोरांनो, आपल्यावर राज्य होतं ना, ते गेलं! आजपासून आपल्यावर राज्य नाही!" पोरांनी टाळ्या पिटल्या. खाली पागोळ्यांत मनू टाळ्या पिटत उठली आणि पायऱ्या चढून वर आली.

जोतीराम हा लालासाहेबांचा नातू. तो जरा सरकला. तिला जागा द्यायला की तिच्यापासून लांब व्हायला, ते कळायला वेळच मिळाला नाही. लालासाहेब देवळाच्या दारात उभे होते.

"उतर खाली!"

मनू त्यांच्याकडं बघून हसली. जागची हलली नाही. लालासाहेबांना तिला हात लावायचा नव्हता, म्हणून त्यांनी काठीनं ढकललं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी ती ओवरीच्या कडेवरून गेली आणि तोंडावर पायरीच्या दगडी कोपऱ्यावर आपटली. कोणी उचलायला गेलं नाही. लीलाबाई साखरेचं ताट धरून उभ्या राहिल्या. ते खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही, आणि याची लाज त्यांना जन्मभर पुरणार होती. मनू आपली आपणच उठली. दोन्ही हातांनी डोळा झाकून घरी गेली. खोळ तेवढी ओवरीत राहिली.

तिसऱ्या दिवशी ती खोळ घेऊन बाई महारवाड्यात गेल्या. ज्ञानूच्या दाराशी त्यांचे पाय अडखळले.

"या आत," ज्ञानू म्हणाला. "आमच्या दाराला पायरी न्हाई."

मनू वाकळेवर पडली होती. उजव्या डोळ्यावर चिंधी बांधलेली. तो डोळा जाणार, असं उंब्रजच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. तिच्या उशाशी चिंचोके मांडून ठेवलेले होते, दहा.

"मी तिला वर बसवीन," बाई म्हणाल्या. "नोकरी गेली तरी बसवीन. पाठवा तिला."

ज्ञानूनं मान हलवली. "लढाईवरनं मी दोन डोळं घिऊन आलो, बाई. पोरीचा शाळंत गेला. आता न्हाई."

बाईंना रडू फुटलं. मनू एका डोळ्यानं त्यांच्याकडं बघत राहिली. रागावली नव्हती. खेळात आपलं काही चुकलं का, म्हणून पोर विचारतं, तसं तिनं विचारलं,

"बाई, राज्य गेलं म्हनला व्हता न्हवं तुमी? मग परत माझ्यावर कवा आलं?"