बदकांचा रांजण

सन १९७८ची गोष्ट. वटार गावी मटिल्डाबाईंच्या कन्येच्या लग्नाची बदके मातीच्या मोठ्या रांजणात निखाऱ्यांवर भाजत होती. रांजणाच्या तळाशी हवेसाठी असलेल्या छिद्रात ओल्या मातीचा गोळा दाबून त्यांनी धग मंद राखली होती. वऱ्हाड मांडवात बसले होते. झाकण उचलले तर वारा शिरून निखारे भडकतील आणि जेवण करपेल, हे त्या जाणून होत्या.

“वहिनी, कोंबडीसारख्या काय बसून राहिलात? अंडी उबवताय का?” दीर प्लासिड म्हणाले. “उघडा जरा, पाहुण्यांना बघू द्या.”

“वास घ्या म्हणावं, भावजी. त्याला मनाई नाही.”

प्लासिड चिडले आणि थेट फादरांनाच घेऊन आले. “आता तरी उघडा! फादर अन्नाला आशीर्वाद द्यायला आलेत.”

मटिल्डाबाईंनी फादरांना नम्रपणे वंदन केले, आणि त्या रांजणासमोर आडव्या उभ्या राहिल्या.

“द्या ना, फादर, बाहेरूनच द्या. आशीर्वादाला झाकण उघडावं लागत नाही, वाऱ्याला लागतं.”

फादरांनी बंद झाकणावरच क्रुसाची खूण केली. ‘आमेन’ मात्र सर्वांत मोठ्याने मटिल्डाबाईंनीच म्हटले.