आत्याचं तिकीट

"दुबईचं विमान नुसतं सोडून देऊ नका, ताई. एक टप्पा चुकवला की पुढचं सगळं तिकीट रद्द होतं," सांगलीचे एजंट शिराळकरकाका फोनवर म्हणाले.

लंडनहून निघून मी इस्तंबूलच्या विमानतळावर पोचले होते. पुढे दुबईत मैत्रिणीकडे चार दिवस राहून मुंबई. दादाच्या लेकीचं बारसं रविवारी ठरलं होतं. पण उतरताच आईचा फोन आला, "गुरुजी म्हणतात, बाराव्या दिवशीच करा, म्हणजे परवा. तू नाही आलीस तर नाव तिची मावशी सांगेल."

आत्या जिवंत असताना?

फोनमध्ये काकांचा कीबोर्ड वाजत राहिला. कडेवरची माझी लेक मंगळसूत्र चघळत होती. "दुबई काढली," काका शेवटी म्हणाले. "थेट मुंबई, दीड तासात विमान. परतीचं तिकीट शाबूत."

मी लेकीला घेऊन तिथेच एक गिरकी घेतली. "काका, बारशाला यायचंच."

"येतो की. पण नाव काय ठरवलंय, सांगा की."

"ते आधी भाचीच्या कानात," म्हणत मी गेटकडे धावत सुटले.