सूनबाईला निरोप

मंगळवार पेठेत जपानी शिकवणाऱ्या वर्षाराणीकडे गडमुडशिंगीचे सयाजीतात्या मुलाचा लॅपटॉप घेऊन आले.

"आमच्या यशराजची बायको जपानची हाय. ती तिकडंच असती. तिला निरोप धाडायचाय. फोनवर तिला नमस्कार एवढंच कळतंय, आन् तिचं मला काईच कळत न्हाय."

यशराजचं चॅट ब्राउझरमध्ये उघडंच होतं. वर्षाराणी टाइप करू लागली, पण जपानी अक्षरं काही उमटेनात, नुसती इंग्रजीच येत राहिली. तिनं कीबोर्डची भाषा तपासली, तर ती जपानीच होती. दुसरीकडं लिहून बघितलं, तिथं अक्षरं नीट येत होती. अडत होतं ते फक्त ब्राउझरमध्ये.

"व्हईल न्हवं?" तात्यांनी विचारलं.

तिनं ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला आणि जपानी अक्षरं उमटली.

"झालं की, तात्या!" तिनं नमस्कार लिहून पाठवला. "पुढं काय लिहू?"

तात्या बोलायच्या आत पलीकडून उत्तर आलं. वर्षाराणीनं ते हसत वाचून दाखवलं. "कुठं होतास रे? एक शब्द नाही तुझा. किती घाबरले होते मी!"

मग ती म्हणाली, "त्यांना वाटलं, यशराजच लिहितोय. त्यालाच बसवायचं की समोर. कुठाय तो?"

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तेच लिवायचं हाय, पोरी. सकाळीच त्याचं रक्षाविसर्जन करून आलोय."