आईंना सांगायचं नाही

सकाळी रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आयएनआर १.९ आला. वैदेहीने बाथरूमची कडी तपासली आणि दुसऱ्या बोटाला सुई टोचून पाहिलं. १.९च. आकडा अडीचच्या खाली गेला की हृदयातल्या धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, हे ती एकोणिसाव्या वर्षी झडप बसवल्यापासून ऐकत आली होती. अकरा वर्षं तिने तो आकडा जिवापाड सांभाळला होता.

बाहेर सासूबाई शामलाताई पालक निवडत होत्या.

त्या फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी नेदरलँड्समध्ये आल्मेरेला आल्या आणि कोरोनामुळे विमानंच बंद झाली. बाई स्वभावाने लाख. सुनेला जड काही उचलू देत नसत, नातवंडांचा विषय चुकूनही काढत नसत. पण रोज पालेभाजी. पालक, मेथी, नाहीतर सुपरमार्केटमधली बोअरेनकोल ही डच पालेभाजी चिरून डाळीत. पालेभाजीने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा जोर उतरतो, एवढं साधं वाक्य या घरात बोलायची सोय नव्हती.

लग्नाआधी मल्हारनेच बजावलं होतं, झडपेचं कळलं तर आई लग्नाला उभी राहणार नाही. तेव्हापासून छातीवरचा व्रण झाकायला गळाबंद कुर्ते आले, गोळ्या ‘थायरॉइडच्या’ झाल्या आणि झडपेची टिकटिक लपावी म्हणून जेवणाच्या टेबलामागे भलंमोठं घड्याळ लागलं.

पालेभाजीने ॲसिडिटी होते, असं तिने सांगून पाहिलं. शामलाताईंनी मिरची कमी केली. काळजीने वैदेही सुकत चालली, तशी ताटातली वाटी मोठी होत गेली. नर्सने फोनवरून दोनदा डोस वाढवला आणि जेवणात जे बदललंय ते आधी थांबवा, म्हणून बजावलं.

दुपारी दोन मीटिंगांच्या मध्ये तिने मल्हारला गाठलं.

“मला भीती वाटते रे. सांगून टाकूया.”

“भारतात नेणाऱ्या खास विमानात तिचा नंबर लागलाय. आठ दिवस काढ,” मल्हार म्हणाला. “आता कळलं तर जन्मभर म्हणेल, फसवलंत मला.”

वैदेही जेवायला बसली. त्या दिवशीची वाटीही तिने संपवली.

पाचव्या दिवशी सकाळी तिच्या हातातून कप निसटला. उचलायला वाकली ती तिथेच कोसळली. उजवा हात हलेना, तोंडातून शब्द फुटेना.

कोरोनामुळे ॲम्ब्युलन्समध्ये कुणालाच बसू दिलं नाही. मायलेक हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. तासाभराने डॉक्टरांचा फोन आला. झडपेवरची गुठळी मेंदूत गेली होती, वैदेही वाचेल की नाही हे सांगता येत नव्हतं. मल्हारला हुंदका आवरेना.

“आई, तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आम्ही. वैदेहीच्या हृदयात...”

“झडप आहे. ठाऊक आहे मला,” शामलाताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. “साखरपुड्याआधीच तिचे वडील येऊन सांगून गेले होते. पोरीला ओशाळं वाटू नये म्हणून मी कधी बोलले नाही. फक्त हृदयाला चांगली म्हणून पालेभाजी तेवढी एक दिवस चुकू दिली नाही.”