भरलेलं कपाट

सुलभा घाग कोकणातल्या एका आरोग्यकेंद्रात औषधांचं कपाट सांभाळायची. रोज सकाळी ती कपाटाचा फोटो जिल्ह्याच्या औषधभांडाराला पाठवी. त्यात जे कमी दिसेल ते तिथलं यंत्र ओळखी आणि ड्रोनने धाडी. हाताने लिहिलेली मागणी आता कुणी वाचत नसे.

सोमवारी सर्पदंशाची लस संपलेली होती. ती जागा रिकामी ठेवून सुलभा फोटो काढू लागली, तेव्हा डॉक्टर तांडेल म्हणाले, "आज फोटोवरून केंद्राला गुण मिळायचेत. तिथे लसीची रिकामी खोकी लावा. कपाट भरलेलं दिसू दे."

"मग लस कशी येणार, सर?"

"उद्या खोकी काढून फोटो पाठवू."

सुलभाने खोकी लावली. फोटोला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले.

दुपारी धोंडू पाष्टे बायकोला पाठुंगळी घेऊन आला. भात कापताना तिला नाग चावला होता.

"लस संपलीय. तालुक्याला न्यावं लागेल," सुलभा म्हणाली.

"संपली कशी? ही काय समोर आहे," म्हणत त्याने स्वतःच खोकं उचललं. ते अगदी हलकं होतं. त्याने दुसरं उचललं, मग तिसरं.

तालुक्याला नेताना पाष्टेबाई घाटातच गेल्या.

"सकाळच्या फोटोचं कुठे बोलू नका," डॉक्टरांनी बजावलं. तिसऱ्या दिवशी सुलभा धोंडूच्या घरी गेली आणि तिने त्याला सगळं सांगितलं. यंत्राला फक्त खोकी ओळखता येतात, हेही सांगितलं.

धोंडूने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "पण ती खोकी तुमीच लावलीत ना?"